ललकारीची मर्यादा

श्रावण अमावास्येचा तिसरा प्रहर असतो. यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या काळ्या मातीच्या गांवाबाहेर, ज्या मोकळ्या जागेला तिकडे आखर म्हणतात त्या जागीं, आंब्याच्या पानांचें तोरण बांधलेलें असतें. आदल्या दिवशीं खांदशेकणी होऊन गेलेली असते. वर्षभर जुंवाखालीं घासलेले बैलांचे खांदे ऊन पाण्यानें शेकून त्यांना हळद व तूप चोळलेलें असतें. आज त्याच बैलांच्या अंगावर झुली असतात, शिंगांना बेगड असते, कपाळाला बाशिंग असतें, गळ्यांत घुंगुरमाळा असतात. वेसण नवी, कासरा नवा. गांवचे वाजंत्री सनई आणि ढोल वाजवीत असतात. मग एकाएकीं वाद्यें थांबतात. रांगेंतून एक गडी पुढें येतो, हात उंचावतो, आणि खड्या आवाजांत शंकर-पार्वतीला वंदन करून एक कवन म्हणूं लागतो. कवन संपलें कीं सारी रांग एका कंठानें महादेवाच्या नांवाचा गजर करते. तो गजर विरतो न विरतो तोंच पलीकडून दुसरा गडी उभा राहतो आणि पहिल्यावर ताण करणारें दुसरें कवन म्हणतो. विदर्भांत ह्या कवनांना झडत्या म्हणतात.

झडती हा शब्द मराठींत दोन ठिकाणीं भेटतो. पोलिसांचा शिपाई घराची घेतो ती एक झडती, आणि पोळ्याच्या तोरणाखालीं गडी म्हणतो ती दुसरी. ह्या दोहोंचें मूळ एक आहे कीं काय, तें शब्दपंडितांनीं ठरवावें. परंतु दोहोंचा व्यवहार पाहिला तर त्यांत नातें दिसल्यावांचून राहत नाहीं. पहिलींत कोणाच्या घरांत काय दडलें आहे तें बाहेर निघतें. दुसरींतहि पुष्कळदां तेंच होतें. फरक इतकाच कीं पहिली झडती सत्तेची रयतेवर असते, आणि दुसरी रयतेची सत्तेवर असते. पाटलाचा तोरा, सावकाराचें व्याज, सरकारचीं आश्वासनें, कापसाचा पडलेला भाव, ह्या सर्वांचा हिशेब ह्या एका दिवशीं यमक जुळवून मागितला जातो, आणि ज्यांच्याकडे मागावयाचा तेहि तेथें उभे राहून तो ऐकतात.

समूहानें ताल धरून आवाज उठवावा, समोरच्या समूहाशीं चढाओढ करावी, आणि तरीहि भांडण होऊं देऊं नये, ही विद्या जगांत पुष्कळ ठिकाणीं आहे. अलीकडे तिचाच एक अमेरिकन अवतार क्रीडास्पर्धांच्या यादींत जाऊन बसला आहे. त्याला चीअरलीडिंग म्हणतात. आपल्याकडील शहरी घरांना त्याची ओळख बहुधा २००८ सालीं झाली. त्या वर्षीं क्रिकेटची आयपीएल स्पर्धा सुरू झाली, आणि सीमारेषेबाहेर नाचणार्‍या परदेशी मुलींवरून महाराष्ट्रांत मोठा गदारोळ उठला. मात्र त्या गदारोळांत मूळ विद्येचा इतिहास बाजूला राहिला. तो इतिहास नाचाचा नाहीं, ललकारीचा आहे. आपल्या झडतीशेजारीं ठेवून तो पाहिला म्हणजे दोघींचाहि उलगडा अधिक चांगला होतो.

अमेरिकेंतील प्रिन्स्टन येथील विद्यार्थी १८८० नंतरच्या वर्षांत आपल्या फुटबॉल संघासाठीं ठराविक घोषणा एका सुरांत देऊं लागले होते. पुढें मिनेसोटा विद्यापीठाचा संघ एका हंगामांत सारखा हरूं लागला, तेव्हां २ नोव्हेंबर १८९८ रोजीं जॉनी कॅम्बेल नांवाचा एक विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि सार्‍या जमावाकडून घोषणा म्हणवून घेऊं लागला. ह्या दिवसापासून चीअरलीडिंगचा जन्म मोजतात. आरंभीं हें काम पुरुषांचेंच होतें. स्त्रियांचा प्रवेश १९२३ च्या सुमारास झाला, आणि दुसर्‍या महायुद्धांत तरुण रणांगणावर गेल्यावर त्यांची संख्या वाढली. १९४८ मध्यें लॉरेन्स हर्किमर नांवाच्या गृहस्थानें टेक्सासमध्यें ह्या विद्येचें पहिलें शिबिर भरविलें. त्यानंतर घोषणांना उड्या, मनोरे आणि कोलांट्या यांची जोड मिळत गेली. जें पथक दुसर्‍यांच्या खेळाला उत्तेजन देत होतें तें स्वतःच खेळाडू झालें आणि त्याच्या स्वतंत्र स्पर्धा होऊं लागल्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें ह्या खेळाच्या जागतिक संघाला डिसेंबर २०१६ मध्यें तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्यें पूर्ण मान्यता दिली.

खेळ झाला म्हणजे नियम आले. त्यांतील संगीताचे नियम पाहण्यासारखे आहेत. जागतिक संघाच्या पद्धतींत संघाच्या सादरीकरणाचे दोन भाग असतात. एकांत केवळ घोषणा असतात, वाद्य नसतें. तो निदान तीस सेकंदांचा असावा लागतो. दुसरा संगीताच्या साथीचा असतो, आणि तो अडीच मिनिटांहून अधिक लांबूं नये असा दंडक आहे. गाण्यांतील शब्द मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबांना ऐकवतील असे असावे लागतात. यंत्र आयोजकांच्या चुकीनें बंद पडलें तर संघाला पुन्हां आरंभापासून सादर करण्याची मुभा मिळते, परंतु गुण मात्र जेथें खंड पडला तेथूनच पुढें मोजतात. पडलेल्या खंडाचा तोटाहि नको आणि फायदाहि नको, हा त्यांतील न्याय आहे. संघाच्या स्वतःच्या चुकीनें खंड पडला तर त्याची जबाबदारी संघाची. १९१५ मध्यें कोणी कल्पना केली नसती असा आणखी एक नियम शंभर वर्षांनीं, २०१५ च्या सुमारास, अमेरिकेंत आला : एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीनें खटला भरल्यावर, वापरलेल्या गाण्याचा रीतसर परवाना संघाजवळ असलाच पाहिजे असें ठरलें. दुसर्‍याच्या गळ्यांतून निघालेला सूर फुकट घेऊं नये, हें तत्त्व त्यामागें आहे.

खिलाडूपणाचे नियमहि तितकेच स्पष्ट आहेत. प्रतिस्पर्ध्याला हिणवावयाचें नाहीं. परीक्षकांचा निर्णय अखेरचा मानावयाचा. प्रशिक्षकाला शंका असेल तर ती आपल्या संघाच्या गुणांविषयीं विचारावी, दुसर्‍या संघाच्या गुणांविषयीं नव्हे. ह्या शेवटच्या नियमांत मनुष्यस्वभावाची चांगली पारख आहे. हरलेल्या माणसाला आपलें उणें दिसण्यापूर्वीं दुसर्‍याचें अधिक दिसतें. त्याची नजर स्वतःकडे वळविणें हें नियमाचें पहिलें काम होय.

हे नियम पाहून कोणास वाटेल कीं समूहाच्या आवाजाला शिस्त लावण्याची कल्पना परदेशांतून आली. वस्तुस्थिति तशी नाहीं. अमेरिकेंत घोषणा मैदानाच्या कडेला जन्मली. खेळ आंत होता आणि आवाज बाहेर. म्हणून त्या आवाजाला नियम लागावयास बराच काळ जावा लागला. आपल्या मराठी खेळांत आवाज प्रथमपासूनच रेषेच्या आंत होता. हुतूतूचेंच पहा. चढाई करणार्‍यानें प्रतिपक्षाच्या अंगणांत शिरतांना ठराविक शब्दाचा घोष एका दमांत, स्पष्ट, पंचाला ऐकूं येईल असा चालू ठेवला पाहिजे; दम तुटला कीं तो गडी बाद. तेथें घोष हाच खेळ आहे, आणि पंच डोळ्यांइतकाच कानांनींहि न्याय करतो. खोखोंतहि तेंच. बसलेल्या गड्याला पाठीमागून, मोठ्यानें, खो दिल्यावांचून त्यानें उठावयाचें नाहीं. मुका खो हा खोच नव्हे.

हे खेळ पिढ्यान् पिढ्या तोंडी नियमांवर चालले. गांवोगांवच्या रीति निराळ्या होत्या, आणि परगांवचा संघ आला म्हणजे खेळापेक्षां वादच अधिक होई. तेव्हां ते नियम लिहून काढण्याची निकड भासली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ मध्यें खोखोच्या नियमांसाठीं समिति नेमली. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ मध्यें हुतूतूच्या नियमांची घडी बसवून सामने भरविले. त्याच १९१४ सालीं यवतमाळच्या शेजारीं, अमरावतीस, वैद्य बंधूंनीं श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. ह्या मंडळाच्या पथकानें १९३६ मध्यें बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं जर्मनींत भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. वर्‍हाडच्या मातींतील दम आणि ललकारी युरोपच्या कानांवर पडली ती अशी. त्यापूर्वीं नियमांची घडी बसली होती म्हणूनच तें शक्य झालें. नियम लिहिलेला नसेल तर खेळ आपल्या वेशीबाहेर जाऊं शकत नाहीं.

कुस्तीच्या दंगलींत आणखी एक सूक्ष्म गोष्ट दिसते. तेथें हलगी किंवा ढोल वाजत असतो. पकड घट्ट होऊं लागली कीं लय चढते, मल्ल सुटे झाले कीं लय उतरते. हें वाद्य दोघांचाहि जोम वाढवितें. तें एकट्या कोणाच्या बाजूचें नसतें. वाजविणार्‍याच्या मनांत कोणी एक मल्ल असेलहि, परंतु त्याच्या टिपरीला तो पक्षपात शोभत नाहीं. संगीताच्या निःपक्षपातीपणाचा हा नियम कोणत्याहि पुस्तकांत शोधावा लागत नाहीं. तो वाजविणार्‍याच्या मनगटांत असतो.

आतां पुन्हां पोळ्याच्या आखराकडे वळावें. झडतीला छापील नियम नाहींत, तरी रीत आहे. पहिली रीत वंदनाची. कवन कितीहि बोचरें असो, त्याचा आरंभ देवाच्या नांवानें होतो. ह्यामुळें म्हणणारा आपल्या रागाला एका मोठ्या साक्षीपुढें उभा करतो. दुसरी रीत पाळीची. एकाचें चालू असतां दुसर्‍यानें मध्यें तोंड घालावयाचें नसतें. आधीं ऐकावयाचें, मग उत्तर द्यावयाचें. वाद्यें थांबतात तीं ह्याचसाठीं. शब्द ऐकूं जावा म्हणून सुरानें बाजूला व्हावें, हा झडतीचा संगीत-नियम होय, आणि अडीच मिनिटांच्या नियमापेक्षां तो कमी कडक नाहीं. तिसरी रीत गजराची. कवन एकाचें असलें तरी शेवटचा गजर सर्वांचा असतो. ज्याच्यावर टीका झाली तोहि महादेवाच्या नांवाला आपला आवाज देतो, आणि त्या गजरांत तिचा दंश विरघळतो. चौथी रीत तोरणाची. गांवांत ज्याचा मान असेल तो पुढें होऊन तोरण तोडतो आणि पोळा फुटतो. पोळा फुटला म्हणजे झडत्यांची वेळ संपली. मग बैल मारुतीच्या देवळाकडे आणि तेथून घरोघर जातात. घरधनीण त्यांना ओवाळते, आणि बैल घेऊन येणार्‍याला बोजारा म्हणून कांहीं पैसे दिले जातात. हा बोजारा देतांना ह्याची झडती सरस होती कीं निरस, हें कोणी विचारीत नाहीं. हरलेल्यालाहि दारांत मान मिळतो, ही ह्या चढाओढींतील खिलाडूपणाची कसोटी आहे.

तोरण तोडणारा आणि टीका ऐकून घेणारा पुष्कळदां एकच असतो, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्याला मान, त्यालाच बोल. आणि बोल ऐकून घेतल्यानंतरच त्याच्या हातून तोरण तुटावयाचें. मानाची ही किंमत गांवानें मोठ्या शहाणपणानें ठरविलेली दिसते.

ही रीत जपावी असें वाटण्याजोगें ह्या जिल्ह्याच्या इतिहासांत पुष्कळ आहे. १८५३ च्या तहानें वर्‍हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. पूर्वीं वणीच्या नांवानें ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्यें यवतमाळ जिल्हा झाला. दरम्यान १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि वर्‍हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलें, भाव कोसळला. कापूस मात्र शेतांत कायम राहिला. दूरच्या देशांतील घडामोडीनें आपल्या घरांतील चूल पेटावी किंवा विझावी, हा अनुभव येथील शेतकर्‍याला तेव्हांपासूनचा आहे. वणी येथें १८८० मध्यें जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसद येथें जंगल सत्याग्रह आरंभिला, तोहि राखीव रानांतील गवत कापून. समुद्रापासून दूर असलेल्या ह्या जिल्ह्याला मिठाऐवजीं गवत सुचलें हें स्वाभाविक होतें, कारण ज्या बैलाच्या खांद्यावर येथील संसार उभा, तो बैल ह्या गवतावर जगतो. आणि ह्या शतकाच्या आरंभीं शेतकर्‍यांच्या आत्महत्यांनीं यवतमाळचें नांव देशभर दुःखानें घेतलें गेलें. १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांनीं विदर्भांतील सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. अशा जिल्ह्यांत वर्षांतून एक दिवस तरी मनांतील बोलण्यास वाट असणें ही करमणुकीची बाब नव्हे.

मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, याचाहि धडा महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. सार्वजनिक गणेशोत्सवांत १८९४ पासून पुण्यांत मेळे निघूं लागले. एका वेषांतील तरुणांचीं पथकें, हातांत टिपर्‍या, तालावर पावलें, आणि एका सुरांत म्हटलेलीं पदें, असा त्यांचा थाट असे. अमेरिकेंतील कॅम्बेल उभा राहिला त्याच्या चार वर्षें आधींची ही गोष्ट आहे. ह्या पदांत देशभक्ति आली, तशी सरकारवरील टीकाहि आली. सरकारनें प्रथम नजर ठेवली, मग परवाने आणि बंधनें आणलीं. पदें आधीं अधिकार्‍यांना दाखवावीं, त्यांनीं मान्य केलीं तरच तीं म्हणावीं, अशी अवस्था झाली. नांव सार्वजनिक शांततेचें होतें; परंतु त्या नियमांत राज्यकर्त्यांची सोय होती हें कोणाच्या लक्षांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्याच माणसांची. १९२२ नंतरच्या वर्षांत पुण्यांत केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकारानें ब्राह्मणेतर तरुणांचा छत्रपति मेळा उभा राहिला. उत्सवाच्या मंडपांत आपल्यालाहि आवाज असला पाहिजे, ही त्याची मागणी होती, आणि ती न्याय्य होती. परंतु त्याची आणि जुन्या मेळ्यांची चढाओढ पाहतां पाहतां परस्परांच्या निंदेवर आली. पुढार्‍यांवर, जातींवर, घरच्या स्त्रियांवरहि पदें रचलीं गेलीं. मारामार्‍या झाल्या आणि पोलिस मध्यें पडले. दोन्ही बाजूंना उत्तम गाणारे होते, दोन्ही बाजूंना रास्त दुःखेंहि होतीं. नव्हती ती समोरच्यानें म्हटलेलें ऐकून घेण्याची पाळी, आणि शेवटीं दोघांनीं मिळून करावयाचा गजर. झडतीच्या ज्या दोन रीति गांवच्या आखरावर निरक्षर माणसें सांभाळीत आलीं, त्याच शहरांतील शिकलेल्या माणसांकडून सुटल्या.

ह्या दोन्ही प्रसंगांवरून एक भेद स्पष्ट होतो. समूहाच्या आवाजावरील नियम दोन जातींचे असतात. एक नियम प्रतिस्पर्ध्याचें रक्षण करतो. त्याची पाळी त्याला द्या, त्याच्या घराला, जातीला, शरीराला हात लावूं नका, परीक्षकाचा निकाल माना, असें तो सांगतो. दुसरा नियम बलवंताचें रक्षण करतो. अमुक विषय काढूं नका, तमुक नांव घेऊं नका, पद आधीं आम्हांला दाखवा, असें तो सांगतो. दोघांचा पोशाख सारखाच असतो. दोघेहि सभ्यतेचें नांव घेतात. म्हणून नियम हातीं आला म्हणजे त्याचे शब्द किती गोड आहेत हें न पाहतां तो कोणाच्या अंगावर पांघरूण घालतो तें पाहावें. पहिल्या जातीचा नियम मर्यादा होय. दुसर्‍या जातीचा नियम मुस्कटदाबी होय.

आज ह्या विवेकाची गरज वाढली आहे. पोळ्याला आतां ठिकठिकाणीं स्पर्धेचें रूप आलें आहे. उत्कृष्ट बैलजोडीला, उत्कृष्ट सजावटीला आणि उत्कृष्ट झडतीलाहि बक्षिसें ठेवतात. व्यासपीठ असतें, परीक्षक असतात, ध्वनिवर्धक असतो. यांत वाईट कांहीं नाहीं. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची संख्या घटत चालली आहे. बक्षिसाच्या निमित्तानें कां होईना, तरुण झडत्या पाठ करतात आणि नव्या रचतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु बक्षीस देणारा बहुधा मानकरीच असतो. ज्याच्या हातून पाकीट घ्यावयाचें त्याच्याकडे हिशेब मागण्याचें धैर्य प्रत्येकाला होत नाहीं. पूर्वीं मानकर्‍याला बोल ऐकून मग तोरण तोडावें लागे. आतां तो व्यासपीठावर बसतो आणि त्याच्या स्तुतीची झडती पहिली येते, असें झालें तर झडतीचा जीवच गेला म्हणावें लागेल. परीक्षकांनीं यमकाला गुण द्यावे, आवाजाला द्यावे, पाठांतराला द्यावे; त्याबरोबर निर्भयपणालाहि द्यावे. आणि बक्षीस देणार्‍यानें परीक्षकांच्या पंक्तीला बसूं नये. हा नियम साधा आहे, पण त्याच्यावांचून बाकीचे नियम पोकळ आहेत.

दुसरें संकट आवाजाचें आहे. सनई आणि ढोल थांबविता येतात, कारण वाजविणारा समोर उभा असतो आणि त्यालाहि झडती ऐकावयाची असते. मोटारीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला ऐकावयाचें कांहींच नसतें. तिच्यापुढें झडतीचा शब्द बुडतो आणि बैल बुजतात. ज्याच्या सन्मानासाठीं सण करावयाचा त्यालाच भेदरवून सोडणें हा कसला सन्मान? याविषयीं देशाचा कायदाहि आहे. ध्वनिप्रदूषणाविषयींचे २००० सालचे नियम सांगतात कीं लेखी परवान्यावांचून ध्वनिवर्धक लावूं नये, रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत तो उघड्यावर वाजवूं नये, आणि वस्तीच्या भागांत आवाजाची पातळी दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलच्या वर जाऊं नये. कांहीं सणांसाठीं वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकारला देतां येते. हे नियम पहिल्या जातीचे आहेत. ते कोणाचें तोंड बंद करीत नाहींत. उलट ज्याचा आवाज लहान आहे त्याला तो ऐकूं जाण्याची संधि देतात. वाद्यें थांबवून कवन ऐकण्याची आखरावरील जुनी रीत आणि हा नवा कायदा, दोघांचा हेतु एकच आहे.

अमेरिकन खेळापासून आपण घ्यावें असेंहि कांहीं आहे, तें मोकळेपणानें घ्यावें. वेळेची मर्यादा घ्यावी, म्हणजे एका पथकाच्या उत्साहांत दुसर्‍याची पाळी बुडणार नाहीं. खंड पडल्यास काय करावयाचें तें आधींच ठरवून ठेवावें, म्हणजे ऐन वेळीं वाद होणार नाहीं. आपल्या गुणांविषयीं विचारा, दुसर्‍याच्या गुणांविषयीं नको, हा नियम तर शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून भजनाच्या स्पर्धांपर्यंत सर्वत्र भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. दुसर्‍याची रचना म्हणावयाची तर रचणार्‍याचें नांव सांगून म्हणावी, हेंहि त्यांच्याकडून शिकावें. कित्येक झडत्या रचणार्‍यांचीं नांवें आज कोणाला ठाऊक नाहींत. परंतु तिकडील एक गोष्ट घेऊं नये. तिकडे घोषणा केवळ उत्साहाची असते. तिच्यांत तक्रारीला जागा नाहीं. आपल्या झडतींत उत्साह आहे आणि तक्रारहि आहे, आणि दोन्ही एकाच कवनांत नांदतात. तक्रार काढून टाकली तर उरेल ती नुसती आरोळी.

पोळ्याच्या दुसर्‍या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा भरतो. मुलें लांकडी बैल सजवून ओळीनें उभीं राहतात. तीहि मोठ्यांचें पाहून झडत्या म्हणतात, एकमेकांवर ताण करतात, चुकलें तर हंसतात, आणि शेवटीं सगळ्यांना खाऊ मिळतो. तेथें परीक्षक नसले तरी नियम असतात; मुलांनीं ते आदल्या दिवशीं आखरावर पाहिलेले असतात. आधीं वंदन, मग आपली पाळी, मग सर्वांचा गजर. मोठ्यांनीं आदल्या दिवशीं जसें वागावें तसेंच दुसर्‍या दिवशीं लांकडी बैलांपुढें दिसतें. ललकारीची मर्यादा ह्या मुलांपर्यंत जाते कीं नाहीं, हें एका दिवसांतल्या वागणुकीवर ठरतें, आणि तो दिवस दर श्रावण अमावास्येला पुन्हां येतो.